भीड आणि भाडे

पुण्या-मुंबईत शिकायला आलेली मुले ज्याच्यासोबत खोली घेऊन राहतात त्याला 'रूम पार्टनर' म्हणतात. या नात्याला मराठीचा स्वतःचा असा रुळलेला शब्द नाही. 'सहनिवासी' हा शब्द अर्जात शोभतो, बोलण्यात येत नाही. घरमालक, भाडेकरू, पोटभाडेकरू, बिऱ्हाडकरू, आश्रित, पाहुणा या सगळ्यांसाठी आपल्याकडे शब्द आहेत, कारण या प्रत्येक नात्यात जागा कोणाची आणि ती कोणाच्या मर्जीने मिळाली हे ठरलेले आहे. तिसऱ्याच्या मालकीच्या खोलीत बरोबरीच्या वाट्याने राहणारी परकी माणसे हे नाते त्या मानाने अलीकडचे. म्हणून शब्द उसना घ्यावा लागला. पण उसना शब्दही आपला अर्थ बरोबर घेऊन येतो. पार्टनर म्हणजे भागीदार, आणि भागीदाराने आपला भाग द्यायचा असतो. जो आपला भाग देत नाही आणि तरीही पार्टनर म्हणूनच खोलीत राहतो, त्याच्याशी कसे वागावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाङ्मयीन चर्चेच्या पानावर खोलीभाड्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्ही मराठी शिकवतो. आमच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक मुले गावे सोडून आलेली असतात. त्यांच्यापैकी कोणी मध्येच वर्गात दिसेनासे होते, कोणाचा प्रबंध वर्षभर रखडतो, तेव्हा कारण पुष्कळदा अभ्यासात नसते; ते खोलीत असते. हे पहिले कारण. दुसरे कारण थेट आमच्या विषयाचे आहे. थकलेला वाटा मागताना जी जीभ अडखळते तिला अडवणारे संस्कार बव्हंशी भाषेने आणि साहित्याने केलेले आहेत, असे आमचे मत आहे. ते संस्कार तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकांचेच काम नव्हे काय?

आधी भाषेकडे पाहू. फुकट राहणाऱ्याबद्दल मराठीत म्हणींची कमतरता नाही. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी', 'आयत्या बिळावर नागोबा' या म्हणी कोणालाही आठवतील. पण त्या ज्याच्या तोंडी आहेत तो ओसरीचा मालक आहे, बीळ खणणारा आहे. रूम पार्टनरांच्या बाबतीत ओसरी दोघांचीही नसते. मालक तिसराच असतो, तो महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण भाडे मागतो, आणि एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याला आपले पाकीट उघडावे लागते. या दुसऱ्याची बाजू सांगणारी म्हण आम्हांला सापडत नाही. त्याच्या कामाची एकच म्हण आहे आणि ती त्याला बजावणारी आहे: 'भीड भिकेची बहीण'. जुन्या माणसांनी मोठ्या नेमकेपणाने हे नाते जोडले आहे. भिडेपोटी जो गप्प राहतो तो शेवटी स्वतःच उसने मागत फिरतो.

आता विशेषणे पाहा. जो पैशांची नोंद ठेवतो तो 'हिशेबी', 'व्यवहारी', 'चिकट', 'कोत्या मनाचा'. जो ठेवत नाही तो 'दिलदार', 'कलंदर', 'अवलिया', 'मनस्वी'. हिशेब हा शब्द मुळात तटस्थ. त्याला 'ई' लागली की तो दोष होतो. व्यवहाराचेही तेच. एखाद्याच्या गौरवलेखात 'तो व्यवहारी होता' असे लिहायचे झाले तर पुढे 'पण' लिहावा लागतो. ज्या भाषेत नोंद ठेवण्याला चांगले विशेषण सहज मिळत नाही, त्या भाषेत वाढलेल्या मुलीला 'तुझे चार हजार राहिले आहेत' हे वाक्य उच्चारताना अपराधी वाटावे यात नवल नाही.

साहित्याने यात भर घातली आहे. 'बटाट्याची चाळ' (१९५८) पासून आपले लोकप्रिय वाङ्मय भाडेकरूच्या बाजूने उभे राहिले, आणि ते योग्यच होते. मालक बलवान होता, भाडेकरू दुबळा. पण भाडेकरू-भाडेकरूंमध्ये काय घडते याकडे पाहण्याची दृष्टी त्या सहानुभूतीत हरवली. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा चित्रपट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. धनंजय मानेच्या भाड्याच्या जागेत एकेक करून भाऊ आणि मित्र येऊन राहतात. मालकाला ते नको आहेत. प्रेक्षक अर्थातच मित्रांच्या बाजूने. त्या हसण्यात एक गोष्ट सहज निसटते: धनंजय स्वतः या साऱ्यांचा भार किती दिवस आणि कशाच्या जोरावर सोसणार होता? त्याचे गृहस्थपण गृहीत धरल्याशिवाय ती कथा सुरूच होत नाही. 'कोसला' (१९६३) या बाबतीत अधिक जागरूक कादंबरी आहे. पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातले पैसे मेसच्या कारभारापासून मित्रांच्या भिडेपर्यंत अनेक वाटांनी झिरपत जातात आणि ते पैसे गावाकडे वडिलांनी मिळवलेले आहेत ही टोचणी कादंबरीभर राहते. पण वर्गात आपण 'कोसला' शिकवतो तेव्हा अस्तित्ववाद, परात्मता, भाषिक बंड यांवर तास जातात. त्यातील हिशेब मात्र टिपणांत उतरत नाहीत.

याहून बोलकी गोष्ट वाङ्मयबाह्य दंतकथांची. अमका कवी मित्राच्या खोलीवर दोन वर्षे राहिला, तमक्या नटाने उमेदीच्या काळात कोणाकडे तरी पथारी टाकली, अशा आठवणी आपण कौतुकाने सांगतो. आठवणीत कवीचे नाव असते. खोलीचे भाडे भरणारा, बहुधा कुठल्याशा कचेरीत कारकुनी करणारा तो मित्र 'एक मित्र' एवढाच उरतो. त्याने काही विकले का, घरी पाठवायचे पैसे थांबवले का, त्यालाही लिहायचे होते का, हे कोणी विचारत नाही. फुकट राहणाऱ्याची मनस्विता ही बरेचदा दुसऱ्याच्या नोकरीवर उभी असते, हे वाक्य आपल्या वाङ्मयेतिहासाच्या प्रस्तावनेत लिहायला हरकत नसावी.

इथे एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो. पैसा सोडून देणे ही आपल्या परंपरेतील थोर गोष्ट आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, आणि तुम्ही चार हजारांचा हिशेब मांडता? या आक्षेपाचे उत्तर त्या कथेतच आहे. परंपरा असे सांगते की तुकोबांनी खतांची वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबा याला त्याचा अर्धा भाग दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. ही बारीकशी बाब आम्हांला फार मोलाची वाटते. सोडून देण्याचा अधिकार आपल्या वाट्यापुरता असतो. विरक्तीच्या त्या क्षणीही दुसऱ्याचा भाग आधी वेगळा काढून ठेवलेला आहे. शिवाय, तुकोबा तिथे देणेकरी नव्हते, घेणेकरी होते. घेणेकऱ्याने सोडले तर औदार्य. देणेकऱ्याने परस्पर सोडून घेतले तर त्याला वेगळा शब्द आहे. खोलीत न भरणारा पार्टनर जेव्हा 'पैशाचे काय एवढे घेऊन बसलीस' असे म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या वाट्याची खते बुडवत असतो.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण, ओळख पटेल असे तपशील वगळून, सांगतो. एम. ए.च्या तीन मुलींनी एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने घेतले. भाडे बारा हजार, प्रत्येकीचा वाटा चार हजार. करार एकीच्याच नावावर होता. तिसऱ्या महिन्यापासून दुसऱ्या मुलीने वाटा देणे थांबवले. ती काही खलनायिका नव्हती. स्वयंपाक तीच चांगला करी. करार जिच्या नावावर होता ती तापाने आजारी पडली तेव्हा रात्रभर तीच उशाशी बसली. म्हणूनच विचारणे अवघड झाले. पाच महिन्यांत वीस हजार थकले. तिसरीने आपले चार हजार नियमाने दिले, पण 'करार तुझ्या नावावर आहे' म्हणून थकलेल्याचा भार घ्यायला नकार दिला. करारधारक मुलगी महिन्याला आठ हजार भरू लागली. त्यासाठी तिने संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. ग्रंथालयाची वेळ संध्याकाळचीच होती. तिचा प्रबंध एक वर्ष उशिरा सादर झाला. ज्या रात्री तिची सेवा झाली त्या रात्रीची किंमत तिने वीस हजार आणि एक वर्ष अशी चुकवली. आता कोणी म्हणेल, सेवेची किंमत करू नये. आमचेही तेच म्हणणे आहे. पण ती किंमत न बोलता वसूल कोणी केली?

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे घरमालकांच्या थाटाचे ठरेल. 'देऊ शकत नाही' आणि 'देत नाही' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. ती आखताना पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यांतील २०,००० निवासासाठी. म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. या रकमेत पुण्यात कॉट बेसिसवर एक खाट मिळवणेही कठीण. त्यात शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की वाटा लांबतो. शेतमालाचा भाव पडला की वडिलांचे पैसे येत नाहीत. अशा मुलाला बुडव्या म्हणणे हा अन्याय आहे. मग भेद ओळखायचा कसा? आमच्या मते एक साधी खूण आहे. ज्याची अडचण खरी असते तो बहुधा आधी बोलतो, किंवा विचारल्यावर आकडा आणि तारीख सांगतो. थोडे का होईना, देतो. ज्याला द्यायचे नसते तो विषय बदलतो, विनोद करतो, रागावतो, आणि मग तुमच्याच स्वभावाची चिकित्सा सुरू करतो. अडचण आकड्यांत बोलते; टाळाटाळ विशेषणांत.

दुसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. करार एकाच्याच नावावर का असतो? पुष्कळदा आळस किंवा मालकाची सोय हे कारण असते. पण आडनाव ऐकून जागा नाकारण्याचा रिवाज आपल्या शहरांतून गेलेला नाही. दलित आणि मुसलमान विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. मग ज्याचे आडनाव मालकाला चालते त्याच्या नावावर खोली घेतली जाते आणि बाकीचे कागदाबाहेर राहतात. याचे परिणाम दोन्हीकडे होतात. कागदावर असलेल्यावर सगळे देणे येते. कागदाबाहेर असलेल्याला कोणताच हक्क उरत नाही, आणि वाटा नियमाने देऊनही त्याला 'उद्या निघ' असे सांगता येते. तेव्हा लेखी करार ही केवळ पैसे भरणाऱ्याची ढाल नव्हे. जो दुबळा आहे त्याला ती अधिक लागते.

एका खोलीत अनेकांनी राहण्याची आपल्याकडची जुनी रीत पाहिली तर हे अधिक ध्यानात येते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होई. अनेक खोल्या गावकीच्या असत. वर्गणी ठरलेली, वहीत नोंद असलेली. मुंबईतील गोवेकरांच्या कुडी, म्हणजे धोबीतलाव-माझगाव भागांतील एकेका गावाचे क्लब, याच जातीच्या: माफक मासिक वर्गणी, ट्रंकेपुरती जागा, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, आणि सर्वांना लागू असलेले नियम. ही माणसे एकमेकांची गाववाली होती, पुष्कळदा नात्यातली होती; तरीही वही होती. किंबहुना नाती टिकवायची होती म्हणून वही होती. नियम भिंतीवर असला की मागणाऱ्याला वाईट व्हावे लागत नाही, नियमच मागतो.

वही पाळूनही येणे बुडते तेव्हा ते कोणावर पडते, हेही गिरणगावाने दाखवले आहे. या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया महिनाभर उधारीवर ताट वाढत आणि पगाराच्या दिवशी पैसे घेत. मधल्या काळात वाण्याचे व सावकाराचे देणे त्यांच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हा खानावळीचे येणेही आटले. त्या कामगारांना बुडवे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण संपाच्या इतिहासात त्या बायांच्या उधारीच्या वह्यांना जागा असली पाहिजे. न मिळालेला वाटा हवेत विरत नाही. तो कोणाच्या तरी ताटातून वजा होतो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ खाली एक छोटे उदाहरण दिलेले आहे. अ, ब, क या तिघांनी मिळून ड याला तीन हजार रुपये देण्याचे वचन दिले. ड कोणाही एकाकडून पूर्ण तीन हजार वसूल करू शकतो. पुढच्या उदाहरणात पूर्ण रक्कम क याने भरली आहे. अ दिवाळखोर आहे, त्याच्या मालमत्तेतून निम्मेच देणे फिटू शकते. मग क ला अ कडून पाचशे आणि ब कडून बाराशे पन्नास मिळतील. म्हणजे अ ने बुडवलेले पाचशे ब आणि क यांनी अर्धे-अर्धे सोसायचे. वेगळे काही ठरले नसेल तर, एकत्र वचन देणाऱ्यांपैकी एकाच्या चुकवेगिरीचा तोटा बाकीच्यांनी सारखा वाटून घ्यावा, हा त्याचा अर्थ. वर सांगितलेल्या तीन मुलींची हीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की त्यांच्यात मालकाला वचन एकीनेच दिले होते, म्हणून तिसरीला कागद दाखवून बाजूला होता आले. तिघींची नावे करारावर असती तर आठ हजारांचा महिना एकीवर आला नसता.

तेव्हा पहिला उपाय घरात पाऊल टाकण्यापूर्वीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्या करारात राहणाऱ्या सर्वांची नावे घालून घ्यावीत. अनामत रकमेत कोणाचे किती, हे आपापसांतल्या एका साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. वाटा द्यायची तारीख मालकाच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीची ठेवावी. कोणी मध्येच सोडून गेला तर किती दिवसांची सूचना द्यायची आणि तोवरचा वाटा कोणी भरायचा, हेही तिथेच ठरवावे. याला अर्धा तास लागतो.

दुसरा उपाय पहिला वाटा चुकल्यावरचा, आणि तो त्याच महिन्यात करायचा. पहिल्या महिन्यात विचारले तर ती चौकशी असते. पाचव्या महिन्यात विचारले की ते भांडण होते. बोलणे समोरासमोर व्हावे, पण ठरलेले नंतर निरोपात लिहून पाठवावे. पैसे रोख न घेता खात्यावर घ्यावेत. तोंडी कबुलीही कायद्याने करारच असते, परंतु ती सिद्ध करताना असे निरोप आणि खात्यावरच्या नोंदीच उपयोगी पडतात. तरीही काही हलले नाही तर दोघांना ज्याचा आदर आहे असा तिसरा माणूस मध्ये घ्यावा. मालकाला वेळेवर कळवावे. तो आपला शत्रूच असतो असे समजण्याचे कारण नाही. थकलेले पैसे मिळण्याची आशा नसेल तर निदान पुढचा खड्डा थांबवावा: त्याच्या जागी दुसरा पार्टनर पाहावा, किंवा करार संपवून आपणच बाहेर पडावे. रक्कम मोठी असेल तर वकिलाची नोटीस, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद हे मार्ग आहेत. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. उसन्या पैशांच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात असावे.

काय करू नये, हे सांगणे तितकेच अगत्याचे. सामान जिन्यात फेकणे, कुलूप बदलणे, पाणी-वीज तोडणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे मूळ गुणपत्रिका किंवा जात प्रमाणपत्र तारण म्हणून दडवून ठेवणे. असे प्रकार होतात. येणे असलेला माणूस एवढ्या एका कृतीने स्वतःच आरोपी होऊन बसतो. शिवाय चार हजारांपायी एखाद्याचा प्रवेश हुकवणे हा न्याय नव्हे, सूड आहे. राहणारे दोघे जोडीदार असतील, म्हणजे रूढ अर्थाने लिव्ह-इन, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. विवाहसदृश नात्यातील स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि तिथे केवळ 'वाटा देत नाहीस' म्हणून तिला बाहेर काढता येत नाही.

आता शेवटचा आक्षेप. आमच्याच काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की मैत्रीत कलमे आली की मैत्री संपते. याचा विचार करताना आम्हांला 'सखाराम बाइंडर' (१९७२) आठवते. घरात नवी बाई आणली की सखाराम पहिल्याच दिवशी तिला घराचे नियम ऐकवतो. तो काही लपवत नाही, रोखठोक आहे. तरीही ते घर छळाचे आहे. म्हणजे अटी स्पष्ट बोलल्या गेल्या एवढ्याने न्याय होत नाही, हे खरे. पण तिथला अन्याय अटी असण्यात नाही. अटी एकाने सांगायच्या आणि दुसरीने, जायला दुसरी जागा नाही म्हणून, ऐकायच्या, यात आहे. रूम पार्टनरांच्या कागदाचे मोल नेमके या उलट आहे. तो सगळ्यांनी मिळून लिहायचा असतो, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला 'मला हे जमणार नाही' म्हणण्याची मुभा असते. मैत्री मारते ती न बोललेली थकबाकी. जिला आपण पाच महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या तिच्याशी गोड बोलणे ही मैत्री नव्हे.

मुलांची तरुण पिढी 'टीटीएमएम', तुझं तू माझं मी, असे हसत म्हणते तेव्हा ज्येष्ठांना त्यात आपलेपणाचा अंत दिसतो. आम्हांला तसे वाटत नाही. त्या चार शब्दांत 'तुझं' आधी आले आहे. आपल्या वाट्याआधी दुसऱ्याचा वाटा ओळखणे, हे खत बुडवण्याआधी कान्होबाचा भाग बाजूला काढण्यासारखेच आहे.

आमची सूचना अगदी छोटी आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात मुले अर्जलेखन, वृत्तलेखन, जाहिरातलेखन शिकतात. रजेचा अर्ज आणि पुस्तकांची मागणी करणारे पत्र त्यांना लिहिता येते. मित्राकडे आपले पैसे मागणारे पत्र मात्र त्यांना कोणी शिकवत नाही. तेही एकदा वर्गात लिहून घ्यावे. नमुना म्हणून आम्ही एक मसुदा केला आहे:

'गेल्या दोन महिन्यांचा तुझ्या वाट्याचा आठ हजार रुपये भाडा मी भरला आहे. पुढच्या महिन्यापासून मला तो भरता येणार नाही. वीस तारखेपर्यंत किती देता येतील आणि उरलेले कधी, ते मला लिहून कळव. अडचण असेल तर तीही सांग. हप्ते पाडून घेऊ. काहीच कळवले नाहीस तर मी मालकांशी बोलून तुझ्या जागी दुसरी मैत्रीण पाहीन.'

हा मसुदा वर्गात दिला तर विद्यार्थी पहिली दुरुस्ती 'भाडा' या शब्दाची करतील; प्रमाण मराठीत भाडे नपुंसकलिंगी आहे, आणि तो शब्द आम्ही तसा मुद्दाम ठेवला आहे. व्याकरणाची चूक बोलून दाखवताना मराठीच्या वर्गात कोणाची भीड आड येत नाही. तेवढ्याच निःसंकोचपणे पुढचा आठ हजारांचा आकडाही मुलांना मोठ्याने वाचता यावा, एवढीच अपेक्षा आहे.